लोक विंडोज सोडून दुसरीकडे का जातात, आणि गेलेले परत का येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणारे एक गृहस्थ, २०१६ चा लॅपटॉप, आय-फाइव्ह सहावी जनरेशन, आठ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्डडिस्क, विंडोज ११ जात नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाक, बायको म्हणते एकदाचं मॅक घे. आणि त्यांना मुळात विचारायचंय की लोक ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात ती नक्की कशासाठी, आणि बदलल्यावर टिकतात का.

माझं कामच हे आहे. दुकान नौपाड्यात, पण दिवसातला अर्धा वेळ बाहेर, गोखले रोडवरची सीए ऑफिसं, घोडबंदरच्या सोसायट्यांचे अकाउंट, वागळे इस्टेटमधली वर्कशॉपं आणि मध्येच कधी खाडी ओलांडून वाशी-तुर्भे. त्यामुळे पुस्तकी उत्तर देत नाही, जे रोज बघतो ते सांगतो.

हौस म्हणून सिस्टिम बदलणारा माणूस मला क्वचित भेटतो. इंजिनियरिंगची पोरं सोडा, ती दर महिन्याला नवीन लिनक्स टाकून बघतात, त्यांचं वयच ते आहे. बाकीच्यांना ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रकार दिसतच नाही, त्यांच्यासाठी कॉम्प्युटर म्हणजे हिशोबाचं टॅली, नाहीतर डिझाइनचं कोरल, नाहीतर क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग जशी कोणी आपणहून सोडत नाही, रिडेव्हलपमेंटची नोटीस लागली की सामान बांधायला घेतात, तसंच आहे हे. बाहेरून कोणीतरी ढकलतं तेव्हाच माणूस हलतो. आणि नवीन जागी तो टिकणार की परत येणार हे ठरतं भलत्याच कुठल्यातरी बारीक गोष्टीवर, जिचा बदलताना कोणी विचारच केलेला नसतो. ती गोष्ट कुठली यावर पुढे येतोच, आधी ढकलतं कोण ते बघू.

आत्ताचा सगळ्यात मोठा धक्का तुम्हाला लागलाय तोच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवसांत "उद्या सकाळी लॅपटॉप चालू होईल ना हो?" असे फोन येत होते, त्यात चांगली शिकलेली माणसं होती. बंद होतात ते सिक्युरिटी पॅच, बाकी सगळं कालच्यासारखंच चालतं. मग लोक म्हणतात ठीक आहे, ११ टाकून द्या. तर तिथे अट आहे, टीपीएम २.० (मशीनच्या आतली सुरक्षेची सोय) पाहिजे, सिक्युअर बूट (चालू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर आत घेणं) पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० सिरीजपासून पुढचा. तुमच्या वयाच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टीपीएम असतो, बायोसमध्ये पीटीटी नावाने दडलेला असतो, तो चालू करून दिला की लोकांना वाटतं झालं काम, पण गाडी अडते ती प्रोसेसरच्या यादीवर. म्हणजे मशीन धडधाकट, स्क्रीनला एक डाग नाही, बॅटरी गेल्या वर्षी बदललेली, आणि यादीत नाव नाही म्हणून बाद. माणूस चिडतो तो इथे. आणि चिडलेला माणूस लिनक्सची चौकशी करतो.

आधी पण असं झालंय, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला. पण तेव्हा जुन्या मशीनवर पुढचं व्हर्जन रडतखडत का होईना चढायचं, आणि सेव्हनवरून १० वर तर फुकट जाता आलं, त्यामुळे लोक विंडोजमधल्या विंडोजमध्येच राहिले. २०१२ ला विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण काढलं तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, शेवटी वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं, पण त्या रागात सिस्टिम सोडून गेलेला एकही गिऱ्हाईक मला आठवत नाही, सगळे गुपचूप सेव्हन टाकून घेऊन गेले. दिसणं बदललं म्हणून कोणी जात नाही, शिव्या घालतो आणि सवय करून घेतो. चालतं मशीन टाकून नवीन घ्या म्हटलं की मात्र खिशाला लागतं, आणि तिथे विचार सुरू होतो.

पैशाचा धक्का आणखी एका बाजूने पण येतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं "डॉसवाला लॅपटॉप", म्हणजे विंडोज नसलेला, स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो, कंपनीने त्यात फ्रीडॉस नाहीतर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलेलं असतं, ते कोणी उघडून पण बघत नाही, दुकानदार तिथल्या तिथे पेनड्राइव्ह लावून "विंडोज मारून" देतो आणि सोबत विनालायसन्स विंडोज चालवणारा चोरटा अ‍ॅक्टिव्हेटर. तो अ‍ॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो, आणि लोक करतात! चोराला आत घ्यायचं म्हणून वॉचमनला सुट्टी. घरी हे चालून जातं. ऑफिसात एक दिवस लायसन्सची विचारणा करणारं पत्र येतं. वागळेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांकडे असंच आलं होतं, अकरा-बारा मशीन, सगळ्यांवर एकच की मारलेली. मालकांनी हिशोब केला, विंडोज अधिक ऑफिस गुणिले मशीन, आणि तो आकडा बघून त्यांना एकदम ओपन सोर्स, म्हणजे लायसन्सचे पैसे न लागणारं सॉफ्टवेअर, आवडायला लागलं. शेवटी झालं काय, डिझाइनची तीन मशीन आणि अकाउंटचं एक विंडोजवर ठेवलं, लायसन्स विकत घेऊन, आणि बाकी स्टोअर, गेट, डिस्पॅच, जिथे फक्त ब्राउझर आणि एक्सेलसारखं काहीतरी लागतं तिथे लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस. ती मशीन अजून तशीच चालू आहेत आणि तिथून मला फोन जवळपास येतच नाहीत, धंद्याच्या दृष्टीने वाईट.

आता "स्लो झालाय म्हणून बदलायचंय" हे कारण, जे सगळ्यात जास्त ऐकतो आणि ज्याच्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे. जुन्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल, मशीन चालू करून चहा पिऊन आलात तरी १०० टक्केच. ती मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी हार्डडिस्क आहे, विंडोज १० चे अपडेट, इंडेक्सिंग, अँटिव्हायरस सगळे एकाच वेळी तिच्या मानेवर बसतात. तिथे अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली की तोच लॅपटॉप, तीच विंडोज, आणि गिऱ्हाईक विचारतो की प्रोसेसर बदललात का. होतं काय की कोणीतरी जाणकार भाचा येतो, जुनी डिस्क काढून एसएसडी टाकतो आणि त्याच वेळी लिनक्स पण टाकतो, मशीन पळायला लागतं आणि सगळं श्रेय लिनक्सला. मॅकचं पण तेच, दहा वर्षांच्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपवरून माणूस नव्या मॅकवर जातो आणि म्हणतो मॅक फास्टच असतो. अहो, नवीन काहीही घेतलं असतं तरी फास्टच वाटलं असतं. लिनक्स जुन्या मशीनवर हलकं चालतं हे खरं आहे, पण आधी डिस्क बदला, मग ठरवा. बऱ्याच जणांचा सिस्टिम बदलायचा विचार तिथेच मावळतो.

व्हायरसच्या भीतीने बदलणारे कमी. वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, मे २०१७ मध्ये आला, आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या, तो तर आपल्या दारात आला होता, मर्स्क या जहाज कंपनीला फटका बसला आणि न्हावा शेवाला जेएनपीटीतलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली. तेवढ्यापुरते सगळे बॅकअपबद्दल विचारत होते. पण सिस्टिम कोणी बदलली नाही, आणि बरोबरच होतं ते, कारण वॉनाक्राय ज्या भोकातून घुसायचा त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच देऊन ठेवला होता, लोकांनी टाकला नव्हता. अपडेट बंद करून ठेवायची सवय असलेला माणूस लिनक्सवर गेला तरी तिथे पण अपडेट करणार नाही.

मॅककडे जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. आयफोन घरात येतो आणि त्याच्या मागून मॅक येतो, हा एक रस्ता. दुसरा रस्ता ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांचा, ऑफिसने मॅक दिला, हात बसला, मग घरी विंडोज नकोसं वाटायला लागतं. आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलऐवजी मॅकची स्वतःची एम-वन चिप आली तेव्हापासून खरोखरच कारण मिळालं, त्याच्या आधी मी लोकांना सांगायचो की उगाच पैसे घालवू नका. एम-वनची मॅकबुक एअर भारतात ९२,९०० ला आली, पंखाच नाही, आवाज नाही, आणि ठाण्याहून चर्चगेटला जाऊन येऊन दिवसभर काम करून पण बॅटरी शिल्लक. हे जाहिरातीतलं नाही, चार्जर घरी विसरलेली माणसं सांगतात. पण मी रिपेअरवाला आहे त्यामुळे मला दुसरी बाजू दिसते, रॅम बोर्डावरच चिकटलेली, जी घेतली तीच आयुष्यभर, डिस्कचं पण तेच, पुढे वाढवू म्हणायची सोय नाही. आणि एक भानगड सध्या फार दिसते, इंटेलवाले जुने मॅकबुक सेकंडहँडमध्ये एकदम स्वस्त मिळतायत. घेऊ नका. अ‍ॅपलने २०२५ मध्ये सांगूनच टाकलंय की मॅकच्या सिस्टिमची टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती, म्हणजे विंडोज १० च्या जाचातून सुटायला जाल आणि तीच गोष्ट दुसऱ्या लोगोखाली विकत घ्याल.

प्रोग्रामर लोकांबद्दल एकच ओळ, विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, डब्ल्यूएसएल, २०१६ पासून आली आणि त्यानंतर निव्वळ कामासाठी सिस्टिम बदलायची गरज त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना उरली नाही.

आता ती बारीक गोष्ट. माणूस टिकतो की परत येतो ते कशावर ठरतं.

पहिला नंबर प्रिंटरचा. हसू नका. ठाण्यातल्या कुठल्याही छोट्या ऑफिसात जा, टेबलाखाली नाहीतर कपाटावर कॅननचा एलबीपी २९०० बसलेला असतो, पांढरा-करडा ठोकळा, वर फायलींचा गठ्ठा, टोनर तीनदा रिफिल केलेला. प्रिंटर म्हणून सोनं आहे, मरत नाही. पण तो सीएपीटी नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, आणि लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर म्हणजे डोक्याला ताप, जुन्या ३२ बिटच्या लायब्ररी टाका, मागे एक सर्व्हिस चालू ठेवा, एवढं करून पहिली प्रिंट निघते आणि दुसरी अडकते. एचपीचा १०२० असेल तर एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगिन टाकलं की चालतो. आणि गेल्या काही वर्षांतला वायफायवाला प्रिंटर असेल तर लिनक्सला काही टाकायलाच लागत नाही, विंडोजपेक्षा लवकर दिसतो. पण लोक प्रिंटर बदलत नाहीत ना, ते सिस्टिम परत बदलतात. घोडबंदरच्या एका सोसायटीत सेक्रेटरी स्वतः निवृत्त इंजिनियर, मोठ्या उत्साहाने ऑफिसच्या मशीनवर उबुंटू टाकून घेतलं, सगळं छान चाललेलं, एजीएमच्या आधी नोटिसा छापायच्या वेळी प्रिंटर रुसला. १४ दिवसांच्या नोटिशीचा नियम, सभासद दारात उभे, आणि मॅनेजर हातात पेनड्राइव्ह घेऊन खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पळतोय. दुसऱ्या दिवशी विंडोज परत. उबुंटूचा दोष असला तर किती, पण त्या सोसायटीत लिनक्सचं नाव कायमचं खराब झालं.

दुसरं, हिशोब आणि सरकारी काम. टॅली अधिकृतपणे विंडोजवरच चालतं. वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवणारे आहेत, मी पण चालवून दाखवू शकतो, पण ३१ मार्चच्या रात्री ते अडकलं तर टॅलीवाला हात वर करणार आणि लिनक्सवाला फोरमची लिंक देणार. रिटर्न ब्राउझरमधून भरता येतं ते ठीक, पण इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालते, ती विंडोजवरच्या खऱ्या एक्सेलमध्येच धड चालते, जीएसटीचं ऑफलाइन टूल पण विंडोजसाठीच. मॅकवरचं एक्सेल दिसायला तेच असलं तरी आतून सगळं तेच नाही, हे सीए लोकांना मॅक घेतल्यावर कळतं. आणि डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन, तो यूएसबी डोंगल, त्याचा ड्रायव्हर, सही करणारं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर या तिघांचं पटवणं विंडोजवरच नाकी नऊ आणतं, जीएसटी रिटर्नच्या मुदतीला, २० तारखेला, सीए ऑफिसमध्ये जाऊन बघा. त्यामुळे सीए, टॅक्स कन्सल्टंट, एपीएमसीतले दलाल यांना मी सरळ सांगतो, विंडोजवर राहा, लायसन्स विकत घ्या आणि शांत झोपा.

तिसरं मराठी, आणि याच्याबद्दल बाहेरचे लोक कधी लिहीतच नाहीत कारण त्यांना हा त्रासच नाही. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दुकानाच्या पाट्या करणारे आपले डीटीपीवाले, त्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या फायली आहेत, पेजमेकरमध्ये नाहीतर कोरलमध्ये, श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असल्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फायलीत खरं तर मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत, इंग्रजी कॅरेक्टरच्या जागेवर मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की पत्रिकेतल्या आजोबांच्या नावाच्या जागी कंस, डॉलर आणि प्रश्नचिन्हं. काहींचं सॉफ्टवेअर डोंगलला बांधलेलं, तो डोंगल नवीन विंडोज ओळखतच नाही. म्हणून स्टेशन रोडच्या एका गाळ्यात आजही विंडोज सेव्हनचं मशीन आहे, नेटची वायर मुद्दाम काढून ठेवलेली, आणि शेजारी नेटसाठी वेगळा लॅपटॉप, मधे पेनड्राइव्ह फिरतो. त्यांना मी सिस्टिम बदला असं कधीच म्हणणार नाही, तो गाळा त्या मशीनवर चालतो. याच्या उलट जे इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) शिकलेत त्यांची मजा आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे तोच कीबोर्ड, कुठेही बसवा, बोटं चालू. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करणाऱ्यांना, थोडं शोधावं लागतं, पण लिनक्समध्ये पण मराठी फोनेटिक मिळतं, आणि विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आत आलेलंच आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि कुठलंतरी भलतंच डाउनलोड करून बसतात.

वागळेतल्या सीएनसी आणि लेझर कटिंगच्या मशीनवर अजून एक्सपी दिसते, त्याचं कारण पण हेच, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे गेलंच नाही आणि मशीनची किंमत लाखांत. नेट तोडा, पेनड्राइव्ह स्कॅन करून लावा, डिस्कची एक क्लोन कॉपी कपाटात ठेवा, विषय संपला.

आणि चौथं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं: अडल्यावर विचारायचं कोणाला? पोरगा बारावीनंतर इंजिनियरिंगला जातो, घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकतो, वडिलांना शिकवतो, दोन-तीन वर्षं सुरळीत. मग पोराला बंगळुरूला नोकरी लागते. पुढच्या गणपतीपर्यंत वडील सीपीयू पिशवीत घालून दुकानात हजर, "ते पेंग्विनवालं काढा आणि आपलं नेहमीचं टाका." बिघडलेलं काहीच नसतं, एखादा पासवर्ड विचारणारा बॉक्स येत असतो फक्त. पण विंडोज अडलं तर शेजारचा, मेहुणा, झेरॉक्सवाला, कोणीही सांगू शकतो. आपल्याकडची अख्खी पिढी २००१ नंतर एमएस-सीआयटी करून तयार झाली, त्यात हात बसला तो विंडोज आणि एमएस ऑफिसवर, आणि हा हात सोडवणं सोपं नाही.

मोठ्या पातळीवर पण हेच दिसतं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये ठरवलं की लिनक्सवर जायचं, लिमक्स नावाने स्वतःची आवृत्ती केली, २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार मशीन हलवली, आणि २०१७ मध्ये सभागृहाने ठराव केला की परत विंडोज. राजकारण होतंच त्यात, पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी बघितल्या तर बाहेरून येणाऱ्या फायली नीट उघडत नाहीत, अमुक प्रोग्राम चालत नाही, म्हणजे आपल्या सोसायटीच्या प्रिंटरचीच मोठी आवृत्ती. केरळने मात्र सरकारी शाळांमध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून फ्री सॉफ्टवेअर आणलं आणि ते टिकलं, आज काइट नावाने चालू आहे. माझ्या मते फरक एवढाच की तिथे मुलांना आधीची सवय नव्हतीच, सोडायचं काही नव्हतं, आणि शिक्षकांना आधी शिकवलं गेलं, त्यामुळे वर्गात अडलं तर विचारायला माणूस होता.

एक सुखद अपवाद पण सांगतो नाहीतर वाटेल मी लिनक्सच्या विरोधात आहे. वर्तकनगरच्या एक निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, त्यांच्या लॅपटॉपवर मी मिंट टाकून दिलं. त्यांना लागतं काय, यूट्यूबवर कीर्तन, मुलीशी व्हिडिओ कॉल, मराठीत लिहायचं इनस्क्रिप्टमध्ये, पेन्शनचं पासबुक ब्राउझरमध्ये. डेस्कटॉपवर चार मोठे आयकॉन, बाकी सगळं लपवलेलं. परवा म्हणाल्या, "अपडेट करू का विचारतो, मी हो म्हणते, तो करतो, रीस्टार्ट करून माझं काम अडवत नाही." त्यांना आपण लिनक्स वापरतो हे माहीत नाही आणि मी पण सांगितलेलं नाही.

आता तुमच्या लॅपटॉपचं. घाई करू नका, कारण विंडोज १० ला घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाचे सिक्युरिटी अपडेट मिळतात, ईएसयू म्हणतात त्याला, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. २२एच२ आवृत्ती असली पाहिजे, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच एनरोलची लिंक येते. हे आधी करा. मग एसएसडी टाका. रूफस हे इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवायचं टूल वापरून अट चुकवून ११ पण टाकता येते, तुमच्या प्रोसेसरवर चालते, पण पुढचे मोठे अपडेट हाताने टाकावे लागतील आणि मायक्रोसॉफ्टची जबाबदारी शून्य, घरच्या मशीनवर मी करेन, ऑफिसच्या नाही.

लिनक्स बघायचंच असेल तर मिंट २२ घ्या, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवर टाकून लाइव्ह चालवा, काही इन्स्टॉल न करता. त्यावर वायफाय लागतंय का, कॅमेरा चालतोय का, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतोय का, हे बघा. ऑफिसचं टीम्स वापरत असाल तर लिनक्सचं वेगळं अ‍ॅप आता नाही, ब्राउझरमधूनच चालवावं लागेल. आवडलं आणि दोन्ही ठेवायचं ठरलं, तर पार्टिशनला हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) चालू आहे का बघा. तुम्ही चालू केलेलं नसलं तरी काही लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं, आणि बूटच्या सेटिंगमध्ये बदल केला की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, आधी कागदावर उतरवून घ्या, नंतर शोधणारे दुकानात येतात तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह नुसती वाचता येईल, लिहिता येणार नाही. आणि विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर मदरबोर्डचा सेल बदलायला धावू नका, लिनक्स मशीनचं घड्याळ जीएमटीवर ठेवतं आणि विंडोज भारतीय वेळेवर धरतं, त्यांचं भांडण आहे ते, लिनक्सला एका कमांडने सांगितलं की मिटतं.

लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच घरच्या प्रिंटरवर दोन प्रिंट काढून बघा, एक नाही, दोन. निघाल्या तर बिनधास्त टाका. नाही निघाल्या तर विंडोज १० वर ईएसयू घेऊन दिवस काढा आणि नव्या मशीनचे पैसे बाजूला टाकायला लागा. आणि मॅकचं म्हणाल तर त्यावर वहिनींना काय काम करायचंय ते तुम्ही लिहिलंच नाहीये, एकदा त्यांना विचारून सांगा. टॅली किंवा डीएससीचं काही असेल तर आत्ताच सांगा, दुकानात जाऊन बॉक्स फोडायच्या आधी.